वर्गाचे नियम जूनमध्ये कसे बसवायचे: गृहपाठ, वागणूक आणि गुण

दर जूनला वर्गात एक तक्ता लागतो. 'शांतता राखा. गृहपाठ वेळेवर करा. गणवेशात या.' कोकणातल्या भिंतीला ओल धरली की ऑगस्टपर्यंत तक्ता खाली येतो. नियम त्याच्याही आधी गळालेले असतात.

नवे शिक्षक आले की माझ्याकडे हाच प्रश्न घेऊन येतात: "पोरं ऐकत नाहीत, काय करू?" नियम दाखवा म्हटलं की दोन चुका हटकून सापडतात. पहिली चूक क्रमाची. नियम आधी लिहिले जातात आणि मूल कुठून येतं, घरी कधी पोचतं, घरी कोण असतं, हे सप्टेंबरात कळतं. दुसरी चूक जास्त नुकसान करते. गृहपाठ, वागणूक आणि गुण यांची एकच गाठ मारली जाते. बडबड केली म्हणून गुण कापले, वही भिजली म्हणून शून्य दिलं, असं सुरू झालं की महिन्याभरात पोरांना कळतं की गुणांचा अभ्यासाशी संबंध नाही, सरांच्या मूडशी आहे.

खालचा क्रम पाचवी ते आठवी डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे. पायऱ्या उलटसुलट करू नका. विशेषतः वागणुकीचे नियम गुणांच्या आधी लिहायला बसू नका.

पायरी १: आधी दोन पानं भरा

शाळा उघडण्याच्या आठवड्यात कोरी वही घ्या.

पहिलं पान मुलांचं. प्रत्येकाच्या नावापुढे चार गोष्टी लिहा: शाळेत कसा येतो (चालत, एसटीने, फेरीबोटीने, कुणाच्या दुचाकीवर), संध्याकाळी घरी किती वाजता पोचतो, घरी मोठं माणूस कोण, आणि त्या माणसाला वाचता येतं का. आपल्याकडे आई-बाप मुंबईला आणि मूल आजीपाशी, अशी घरं प्रत्येक वर्गात असतात. 'पालकांची सही आणा' हा नियम त्या मुलाला काय सांगतो? आजीचा अंगठा आण, नाहीतर सही स्वतःच कर. बहुतेक मुलं दुसरी वाट धरतात आणि मग आपण त्यांना खोटारडे म्हणतो.

वाटेत साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) किंवा वहाळ (ओढा) कुणाला लागतो, त्या नावांवर खूण करा. पाणी चढलं की ही मुलं येणार नाहीत, आणि आलीच तर घरी कशी जाणार याची काळजी आपल्याला करावी लागेल.

दुसरं पान वर्षाचं. जून-जुलैत लावणी. अतिवृष्टीच्या सुट्ट्या, त्या आदल्या रात्री जाहीर होतात. ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. पुढे नारळी पौर्णिमेच्या सुमारास होड्या पाण्यात गेल्या की कोळीवाड्यातल्या घरांचं वेळापत्रक बदलतं. मग गणपती. ऑक्टोबरात भातकापणी आणि झोडणी. मार्चमध्ये शिमगा, आणि त्याच सुमाराला काजू नि आंबा. या आठवड्यांवर लाल पेन्सिलीने रेघ ओढा. तिथे चाचणी नको, प्रकल्प जमा करायची तारीख तर नकोच.

ही रेघ मी पहिल्या वर्षी ओढली नव्हती. गणपतीची सुट्टी संपली त्या सोमवारी मी प्रकल्प मागितला. सेहेचाळीसातल्या अकरा जणांनी आणला, बाकीच्यांना मी शून्य दिलं. त्यात एक मुलगी होती, जिच्या घरी पाच दिवस वीस माणसं जेवत होती आणि भांडी तीच घासत होती. ते मला दिवाळीनंतर कळलं, तोवर श्रेणी लागून गेली होती.

*तपासा:* दोन्ही पानं भरल्याशिवाय पुढच्या पायरीला हात लावू नका. भरायला तीन-चार दिवस लागतात. ते वाया जात नाहीत.

पायरी २: गुण कशाचे, हे ठरवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

२० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने आलेली आकारिक (वर्गात सत्रभर चालणारं) आणि संकलित (सत्राच्या शेवटी परीक्षेने होणारं) मूल्यमापनाची विभागणी बहुतेकांना पाठ असते: पहिली-दुसरीला आकारिक ७० टक्के, तिसरी-चौथीला ६०, पाचवी-सहावीला ५०, सातवी-आठवीला ४०, उरलेलं संकलित. आकारिकची साधनतंत्रं, म्हणजे गुण कशावरून द्यायचे त्या रीती, आठ आहेत: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय-वर्गकार्य आणि इतर. या यादीत 'शिस्त' नाही, 'अक्षर' नाही, 'वहीला कव्हर' नाही. तरी आकारिकचे गुण सर्वांत जास्त याच तीन गोष्टींवर कापले जातात.

सातवीच्या गणिताचं उदाहरण घ्या. आकारिकचे ४० गुण मी असे वाटतो: स्वाध्याय १०, चाचणी १०, तोंडी काम ८, प्रात्यक्षिक ६, प्रकल्प ६. वाटणी तुमची वेगळी असू शकते. ती पहिल्या आठवड्यात लिहा आणि सत्र संपेपर्यंत बदलू नका.

आता स्वाध्यायाचे १० गुण. पाच स्वाध्याय, प्रत्येकी दोन गुण:

२ गुण: स्वतः सोडवला, आणि चुकलेलं नंतर दुरुस्त केलं.
१ गुण: सोडवला, पण दुरुस्ती नाही.
० गुण: संधी देऊनही केला नाही.

पहिल्या ओळीत 'सगळं बरोबर' असं मुद्दाम लिहिलेलं नाही. गृहपाठात चूक होणारच, तो सराव आहे. बरोबर उत्तराला गुण ठेवले की पोरं गाईडमधून उतरवतात, आणि सकाळी एसटीतच अर्ध्या वर्गाचा गृहपाठ पूर्ण होतो. गुण दुरुस्तीला ठेवा. दुरुस्ती उतरवून होत नाही, कारण प्रत्येकाची चूक वेगळी असते.

शून्य काय करतं, तेही एकदा कागदावर करून पाहा. एका मुलाचे दहापैकी गुण ८, ९, ८, ९. पाचव्या वेळी वहाळाला पाणी, मूल घरी, तुम्ही शून्य घातलं. बेरीज ५० पैकी ३४, म्हणजे ६८ टक्के: ब-२. तो पाचवा रकाना रिकामा ठेवला असता तर ४० पैकी ३४, म्हणजे ८५ टक्के: अ-२. एका पावसाने मूल दोन श्रेणी खाली गेलं, आणि त्याला गणित तेवढंच येतं जेवढं काल येत होतं.

म्हणून दोन नियम. गैरहजर असेल तर 'गै' लिहा, शून्य लिहू नका. आणि पाच स्वाध्याय मोजायचे असतील तर सहा द्या आणि चांगले पाच धरा. सहावा पावसाचा.

*सावधान:* नववी-दहावीला ही मोकळीक तशीच्या तशी नेऊ नका. तिथे अंतर्गत २० गुणांचं स्वरूप विषयवार ठरलेलं असतं. मंडळाचा आराखडा उघडून त्याप्रमाणेच नोंदी ठेवा.

पायरी ३: गृहपाठाचं माप

केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात गृहपाठाची मर्यादा दिलेली आहे: दुसरीपर्यंत नाही, तिसरी ते पाचवी आठवड्याला दोन तास, सहावी ते आठवी दिवसाला एक तास, नववीपुढे दिवसाला दोन तास. गंमत अशी की हा एक तास सगळ्या विषयांचा मिळून आहे, आणि प्रत्येक विषयशिक्षकाला तो आपलाच वाटतो. सहा जणांनी अर्धा-अर्धा तास दिला तरी तीन तास झाले. संध्याकाळी साडेसहाला घरी पोचलेलं, लाइट गेलेल्या घरातलं मूल ते कधी करणार?

स्टाफरूममध्ये एक कागद चिकटवा. सहा दिवस, दिवसाला तीन विषय, प्रत्येकी वीस मिनिटं. आठवड्याची अठरा घरं होतात. आमची वाटणी अशी: गणित ४, इंग्रजी ४, मराठी ३, विज्ञान ३, हिंदी २, सामाजिक शास्त्रं २. भांडण होतं, होऊ द्या. एका दुपारचं भांडण वर्षभराच्या ओझ्यापेक्षा बरं.

वीस मिनिटं मोजायची कशी? स्वतः सोडवा, घड्याळ लावा, येईल त्याच्या तिप्पट धरा. मला सात मिनिटं लागली की मी एक गणित काढून टाकतो.

पुढच्या गोष्टी लहान आहेत, पण गृहपाठ बुडतो तो यांच्यामुळेच.

गृहपाठ तासाच्या सुरुवातीला फळ्याच्या कोपऱ्यात लिहा. घंटा झाल्यावर ओरडून सांगितलेला गृहपाठ मागच्या बाकांपर्यंत पोचत नाही, आणि ज्यांची एसटी आहे ती मुलं तोवर दप्तर पाठीवर घेऊन उभी असतात.

नेट लागेल असा गृहपाठ नको. रेंजसाठी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळ-माळावर, जाऊन उभं राहायला लागतं अशा वाड्या अजून आहेत. 'ग्रुपवर टाकलंय' हे गृहपाठ दिल्याचं प्रमाण होत नाही.

पावसाळ्यात गृहपाठाची वही वेगळी आणि पातळ ठेवा, ती प्लास्टिकच्या पिशवीत. मोठी वही शाळेच्या कपाटात राहू दे. वही भिजली तर सुट्या कागदावरचं काम चालेल, हे आधीच सांगून ठेवा.

तपासण्याचंही माप हवं. पन्नास वह्या रोज बारकाईने तपासणं कुणालाच जमत नाही, आणि जमत नाही म्हणून आपण नुसती लाल रेघ मारून सही करतो. पोरांना ते दोन दिवसांत कळतं. त्यापेक्षा सगळ्यांचं काम फिरून नजरेखालून घाला आणि रोज आठ वह्या नीट वाचा. आठवड्याभरात जवळजवळ सगळा वर्ग संपतो. कुठल्या आठ ते आधी सांगू नका.

*तपासा:* 'गृहपाठ राहिला तर काय करायचं' याचं उत्तर तुमच्या नियमात आहे का? नसेल तर मूल शाळा बुडवेल. माझं उत्तर असं: सकाळी प्रार्थनेआधी येऊन सांगायचं, कारण दोन शब्दांत, आणि पुढच्या दोन दिवसांत पूर्ण करायचं. सांगितलं तर प्रश्न नाहीत. महिन्यात तिसऱ्यांदा झालं तर मी बसून विचारतो.

पायरी ४: वागणुकीचे चार नियम

चारच. पाचवा लिहावासा वाटला तर आधीच्यातला एक काढा.

नियम असा लिहा की दारातून पाहणाऱ्यालाही तो पाळला जातोय की नाही ते दिसावं. 'आदराने वागा' दिसत नाही. 'एक जण वर्गाशी बोलत असताना दुसरा बोलत नाही' हे दिसतं. माझे उरलेले तीन: दुसऱ्याच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात नाही. वर्गाबाहेर जाताना सांगून जायचं. आणि आडनाव, वाडी, रंग, बापाचं काम किंवा बोली यांवरून कुणाला चिडवायचं नाही.

हा शेवटचा आधी शिक्षकांनी पाळायचा असतो. मूल मालवणीत किंवा संगमेश्वरीत उत्तर देतं आणि आपण हसतो, मग वर्ग हसतो. ते मूल पुढचे दोन महिने हात वर करत नाही आणि आपण त्याच्या तोंडी कामाचे गुण कापतो.

उशिराचा नियम वेगळा ठेवा. एकाच वाडीची सगळी मुलं उशिरा आली तर गाडी उशिरा होती. विचारायचं कारण नाही. एकटाच आला तर तास संपल्यावर विचारा. दारात उभं करून जाब घेण्यात वर्गाचीच पाच मिनिटं जातात.

*सावधान:* शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. छडी बहुतेकांनी सोडली. अंगठे धरायला लावणं, पावसात व्हरांड्यात उभं करणं, सगळ्यांपुढे नाव ठेवणं मात्र अजून 'शिस्त' म्हणून चालतं. तेही त्याच कलमात बसतं. आणि शिक्षा म्हणून मुलाला मधल्या वेळी घरी पाठवू नका. वाटेतल्या वहाळाला किती पाणी आहे हे तुम्हाला वर्गात बसून दिसत नाही.

पायरी ५: घरी जाणारा कागद

अर्धं पान, मोठ्या अक्षरात, बोलतो तशा मराठीत. 'पाल्य', 'सदर', 'तरी आपण' हे शब्द आले की आजी कागद चष्म्याच्या डबीखाली ठेवून देते. माझा नमुना:

"नमस्कार. सातवीच्या गणिताचा गृहपाठ आठवड्यातून चार दिवस, वीस मिनिटांचा असतो. तो मुलाने स्वतः करायचा आहे. चुकला तरी चालेल, उतरवू नये. तुम्ही शिकवायची गरज नाही. फक्त बसायला जागा आणि उजेड द्या. पाऊस, आजारपण किंवा शेतीच्या कामामुळे राहिला तर मुलाने सकाळी येऊन सांगावं, गुण जाणार नाहीत. वागणुकीमुळे कुणाचे गुण कापले जात नाहीत. काही अडचण असेल तर शनिवारी शाळा सुटल्यावर मी भेटतो."

'उजेड द्या' हे वाक्य एका आजीने मला सांगितलं. तिच्या घरात दिवा एकच होता आणि तो टीव्हीच्या खोलीत.

पालकसभा लावणीच्या दिवसांत ठेवलीत तर रिकाम्या खुर्च्यांना भाषण कराल. शाळा उघडल्यावर लावणीआधीचे दिवस साधले तर उत्तम. सभेत कागद वाटू नका, मोठ्याने वाचा. सहीऐवजी, ऐकलं म्हणून नावापुढे खूण पुरे.

मुंबईच्या आई-बापांसाठी वेगळी युक्ती करावी लागते. गणपतीत ते घरी असतात, पण सभेला येत नाहीत. एकदा बोलावून पाहिलं, दोघे आले. तेव्हापासून सुट्टीच्या आदल्या दिवशी मी मुलाच्या वहीत हाच कागद चिकटवतो आणि खाली लिहितो: 'वाचून एक ओळ लिहा, वाटेल ती.' त्या ओळींतून जेवढं कळतं तेवढं सभेत कधी कळलं नाही.

पायरी ६: पहिले दहा दिवस नियम शिकवा

नियम वाचून दाखवणं म्हणजे शिकवणं नव्हे. एका दिवशी एकच गोष्ट घ्या आणि ती करून घ्या.

छत्र्यांपासून सुरुवात करा. हसू नका. पन्नास ओल्या छत्र्या वर्गात आल्या की फरशी निसरडी, वह्या ओल्या आणि पहिली दहा मिनिटं भांडणात. व्हरांड्यात दोरी बांधा, बाकवार जागा ठरवा, आणि दोन दिवस आत-बाहेर करून सराव घ्या. मग वह्या गोळा करणं: मागून पुढे, दोन मिनिटांत, न बोलता. मग 'गृहपाठ राहिला' हे सांगायचा सराव, अगदी नाटक करून. पोरांना तेच सांगायची भीती असते.

गुणांची वाटणी फळ्यावर मांडा. कालच्याच स्वाध्यायातली तीन खोटी उत्तरं तुम्ही लिहा आणि वर्गालाच २, १, ० द्यायला लावा. माझ्या अनुभवात मुलं आपल्यापेक्षा कडक निघतात.

*तपासा:* आठव्या दिवशी शेवटच्या बाकावरच्या मुलाला सहज विचारा: "वही भिजली तर काय?" त्याला उत्तर आलं नाही तर नियम अजून तुमच्याच वहीत आहे.

पायरी ७: नियम मोडला की

क्रम ठरलेला ठेवा. आधी नजर किंवा जवळ जाऊन उभं राहणं. मग हळू आवाजात, त्यालाच ऐकू जाईल असं. मग तास संपल्यावर दोन मिनिटं बोलणं. मग तारखेसह नोंद. घरी फोन त्यानंतरच. नोंद घटनेची करा, स्वभावाची नको. 'उद्धट आहे' असं न लिहिता 'बाकावरची पट्टी न विचारता घेतली, परत मागितल्यावर फेकली' असं लिहा.

मुंबईला बापाला फोन करण्याआधी दोनदा विचार करा. तो लांबून एवढंच करू शकतो: संध्याकाळी फोनवर ओरडणं. त्याचं ऐकून मामा किंवा काका हात उगारतात. फोन करायचाच तर आधी एखाद्या चांगल्या गोष्टीसाठी करून ठेवा, जुलैतच. मग तक्रारीचा फोन आला तर माणूस ऐकून घेतो.

सगळ्या वर्गाला शिक्षा कधीही नको. चौघांनी दंगा केला आणि पन्नास जणांना दहा वेळा धडा लिहायला लावला, की उरलेले सेहेचाळीसही दंग्याच्या बाजूला जातात.

पायरी ८: गणपतीनंतर फेरतपासणी

मध्येच, रागाच्या भरात नियम बदलायचा नाही. बदलायच्या जागा दोनच: गणपतीची सुट्टी संपल्यावर, आणि दिवाळीनंतर दुसरं सत्र सुरू होताना. नोंदवही उघडून तीन आकडे काढा: किती 'गै', किती शून्य, आणि सकाळी येऊन सांगणारे किती. शून्य जास्त आणि सांगणारे कमी असतील तर मुलं तुम्हाला घाबरतात. पायरी सहा पुन्हा करा. सांगणारेच फार असतील तर गृहपाठ जास्त होतोय, घड्याळ लावा. तीच तीन नावं दरवेळी दिसत असतील तर पायरी एकचं पान काढून त्या घरी एकदा जाऊन या. चहा घ्या, तक्रार करू नका.

शिमग्याच्या आठवड्यात मी गृहपाठ देत नाही. पालखी रात्री घरोघर फिरते, मुलं ढोलामागे असतात, सकाळी वर्गात पेंगतात. दहावीला अर्थात ही सवलत नाही. बाकीच्यांना त्या दिवसांत तोंडी काम घेतो. पेंगणारं मूलसुद्धा 'पालखी नाचवताना कोण पुढे होतं?' म्हटलं की उठून बोलतं, आणि त्या आठ गुणांतले काही तिथेच मिळवून जातं.